खुर्ची आणली काय?

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. कमरेला खोचलेली सुताराची टेप काढली, माझ्या टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत धरली आणि म्हणाल्या, "साडेसोळा. दिसतो उंच, पण सारी उंची वरच आहे तुयी." टेप सर्रकन आत गेली आणि बाई वॉर्डात निघून गेल्या. मी बारा वर्षं कुरखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून आलो होतो. आणि त्या दवाखान्यात माझी ओळख साडेसोळा इंच अशी झाली.

मी तिथं दुभाषा म्हणून गेलो होतो. जंगलाच्या कडेला असलेल्या त्या धर्मादाय दवाखान्यात दर हिवाळ्यात स्कॉटलंडहून डॉक्टरांची एक तुकडी यायची. आपापल्या रजा टाकून, आपापल्या तिकिटानं. दोन आठवडे राहून ते लोक गुडघे बदलायचे, फुकट. पेशंट म्हणजे बहुतेक बाया. चाळीस-चाळीस वर्षं धानाच्या बांदीत वाकलेल्या, जंगलातून मोळ्या वाहिलेल्या, आणि आता घराच्या उंबऱ्यावर अडकलेल्या. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मला निरोप पाठवला की चांगलं इंग्रजी येणारा माणूस हवा आहे. मी हे घरी बायकोला सांगितलं. तिनं निवांत विचारलं, "मग कॉलेजमधून कोणाला पाठवणार आहेत?"

बाई वॉर्डाच्या मुख्य. हुद्द्यानं सिस्टर, पण कोणी सिस्टर म्हटलं की म्हणायच्या, "मी कोणाची बहीण नाई. बाई म्हण." वय साठीला टेकलेलं, बांधा काटकुळा, पायात पुरुषी चपला. बोलण्याची त्यांची एक पद्धत होती, ती कळायला मला आठवडा लागला. आजारी माणसाला त्या 'तुमी' म्हणत आणि धडधाकट माणसाला 'तू'. मोठ्या डॉक्टरांनाही तू. एकदा तपासणीला जिल्ह्याहून एक साहेब आले होते, त्यांनाही तू. साहेबांचा चेहरा पडला तेव्हा बाईंनी त्यांची नाडी धरली, घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "चांगला आहेस तू. तुमी म्हणाचं कारणच नाई."

आणि त्यांचं दुसरं वेड म्हणजे खुर्ची.

गुडघा बदलायचा असेल त्यानं भरती होताना आपल्या घरची खुर्ची बरोबर आणायची, हा बाईंचा नियम. कागदपत्रं नंतर, रक्ततपासणी नंतर. पेशंट बैलगाडीतून, ऑटोतून, पोराच्या खांद्यावर हात टाकून फाटकात आला की बाईंचा पहिला प्रश्न, "खुर्ची आणली काय?" नसेल तर परत. त्यामुळे शिबिराच्या दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्च्यांची जत्रा भरायची. लाल प्लास्टिकच्या, एक हात तुटलेल्या, पाठीवर मंडपवाल्याचं नाव असलेल्या लोखंडी घडीच्या, कोणाच्या लेकीच्या आंदणातली सागवानी. एका आज्जीनं चक्क न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची आणली होती. न्हावी तिचा जावई होता आणि तो बिचारा फाटकाबाहेर उभा राहून ती परत कधी मिळेल असं विचारत होता.

बाई एकेका पेशंटला त्याच्या खुर्चीवर बसवायच्या, टेप लावायच्या, आणि खुर्ची बुटकी निघाली तर पायांखाली सागवानी ठोकळे ठोकायच्या. ठोकळे आलापल्लीहून यायचे, तिथं त्यांचा एक भाचा सुतारकाम करायचा. खुर्ची उंच असली तर बाई स्वतः करवत घेऊन बसायच्या. परदेशी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये हाड कापायचे आणि बाहेर व्हरांड्यात बाई लाकूड. दोन्हीकडचा आवाज सारखाच यायचा आणि रांगेतले पेशंट दोन्हीकडे सारख्याच भीतीनं पाहायचे.

मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. मी शिकलेला माणूस. एकदा चहा पिताना मी त्यांना म्हटलंही, "बाई, डॉक्टर प्रत्येकाला समजावून सांगतातच की. नवा गुडघा बसला की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. लोक हो म्हणतात. मग खुर्ची कशाला?"

बाईंनी कप खाली ठेवला. "मान हालवाले काई लागत नाई, मास्तर. खुर्ची आणाले लागते. घरातून खुर्ची उचलतानी माणूस इचार करते, आता चूल कशी पेटवू, भांडे कुठी घासू. तो इचार त्याच्या घरी झाला पायजे. इथी टेबलावर नाई."

मी मान हलवली. मलाही काही लागलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत स्वतःची फार काळजी होती. तुकडीची मुख्य सर्जन ही एक उंच, लाल गालांची, पन्नाशीची बाई होती. मनानं फार चांगली. पण तिचं इंग्रजी असं की तोंडात गरम आलूबोंडा धरून कोणी बोलतंय. पहिल्या दिवशी तिनं मला काहीतरी लांबलचक सांगितलं आणि मी "येस, येस" म्हणालो. नंतर कळलं, ती मला संडास कुठे आहे ते विचारत होती. त्यानंतर मी 'पार्डन' म्हणायला लागलो. पण पार्डन तरी किती वेळा म्हणणार? तिसऱ्या पार्डनला तिच्या मदतनीस डॉक्टर पोरी एकमेकींकडे पाहून हसायच्या. चौथ्यांदा म्हणायचा मला धीर होत नसे. मी मग समजलेल्या दोन शब्दांच्या मधली जागा आपल्या बुद्धीनं भरून काढायचो. माझी बुद्धी मला त्या वेळी पुरेशी वाटत होती.

अशातच शेवंताबाई आली.

खरं तर तिचा नंबर पुढच्या वर्षीचा. पण यादीतल्या एका म्हाताऱ्याची साखर वाढली, त्याला घरी पाठवलं आणि मोकळ्या जागेवर हिला घाईनं बोलावलं. त्यामुळे बाई एरवी महिनाभर आधी मोपेडवरून पेशंटच्या घरी जाऊन चूल-न्हाणी पाहून यायच्या, ते हिच्या बाबतीत झालं नव्हतं. शेवंताबाईचं घर तलावावर मासे धरणारं. नवरा जाळं टाकायचा, ही आठवडी बाजारात मासे विकायची. पंचावन्नची असेल. दोन्ही गुडघे बाहेर वाकलेले, चालताना नावेसारखी डुलायची. बरोबर सून होती.

सर्जनबाईंनी तिचे गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे पाहिला आणि माझ्याकडे वळून एक मोठं वाक्य बोलल्या. त्यातून माझ्या हाती तीन शब्द लागले. हिला, सोडावं लागेल, आणि 'फ्लूर'. आता इंग्रजीत जमिनीला फ्लोअर म्हणतात आणि पिठालाही जवळजवळ तसंच म्हणतात. उच्चारात घोटाळा होतो, संदर्भ पाहावा, हे मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहून देतो. त्या सकाळी माझे तीन पार्डन आधीच संपले होते. मी संदर्भ पाहिला नाही. मला पीठच आठवलं. गुडघ्याचा आणि पिठाचा काय संबंध, हा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. पण मी लगेच उत्तर तयार केलं. पिठानं वजन वाढत असेल, वजन गुडघ्यावर येत असेल. अर्ध्या मिनिटात मी वैद्यकशास्त्र रचलं.

"डॉक्टर म्हणतात, पीठ सोडावं लागेल," मी शेवंताबाईला सांगितलं.

"म्हंजे पोळी?"

"हो. पोळी, भाकरी, सगळं."

ती हसली. "बस? आमी तं भात खाणारे लोकं, सर. पोळी सणावाराले. सोडली!" मग जरा पुढे सरकून तिनं विचारलं, "अन् बाजारात बसता येईन ना मले?"

हा प्रश्न मी सर्जनबाईंपर्यंत पोचवायला हवा होता. माझं काम तेवढंच होतं. पण पुन्हा उत्तर येणार, पुन्हा ते मला कळणार नाही, पुन्हा पोरी हसणार. मी म्हणालो, "येईल की. का नाही येणार?"

शेवंताबाईनं माझ्या पायाला हात लावला. मी तो लावू दिला.

राहिली खुर्ची. घाईत आल्यामुळे तिनं खुर्ची आणलीच नव्हती आणि बाई थिएटरच्या तयारीत गुंतल्या होत्या. मला वाटलं, एवढ्याशा औपचारिकतेसाठी गरीब बाईची पाळी कशाला चुकवायची? मी रेकॉर्डच्या खोलीतली एक लाकडी खुर्ची उचलली, तिच्या पलंगाजवळ ठेवली आणि तिला सांगितलं, "कोणी विचारलं तर ही तुमची." मोठेपणा करण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाईला हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवर घेतलं. थिएटरच्या दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, पाय पाहिला, खूण केलेला गुडघा पाहिला आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, "खुर्ची आण हिची." खुर्ची आली. बाईंनी ती उलटी केली. खाली पांढऱ्या रंगात दवाखान्याचा नंबर होता.

"हे तं आपल्या रेकॉर्डची आहे."

"सरनं देल्ली," ट्रॉलीवरून शेवंताबाई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याजवळ गेल्या आणि हळू आवाजात विचारलं, "आता कधी खाली बसता येणार नाई, हे मालूम आहे ना तुमाले? मांडी नाई, उकिडवं नाई, बाजारात फरशीवर नाई?"

शेवंताबाई कोपरावर उठून बसली. "कोण नाई बसाचं? मले तं पीठ सोडा म्हणलं!"

दार उघडून सर्जनबाई बाहेर आल्या. डोक्यावर टोपी, हात वर धरलेले. ट्रॉली का थांबली, असं विचारत होत्या. एवढं इंग्रजी मला नेमकं कळलं.

बाई मला म्हणाल्या, "सांग तिले. जसं झालं तसं सांग. तुयं नाव घेऊन."

मी घसा साफ केला आणि सुरुवात केली की एक छोटासा गैरसमज झाला आहे. 'स्मॉल' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला मात्र, बाई कडाडल्या, "स्मॉल नको म्हणू!" हातमोज्यांच्या डब्यावरच्या मापामुळे तो एक इंग्रजी शब्द त्यांना पक्का ठाऊक होता.

मग मी सगळं सांगितलं. जमीन आणि पीठ. बाजाराचा प्रश्न, जो मी विचारलाच नाही. खुर्ची. मदतनीस पोरी आज हसल्या नाहीत, आणि त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सर्जनबाईंनी हातमोजे काढले, एक स्टूल ओढून शेवंताबाईजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, आता एकेक वाक्य. त्या दिवशी मी सहा वेळा पार्डन म्हणालो. सहाही वेळा त्यांनी पुन्हा सांगितलं, दर वेळी सोप्या शब्दांत. एवढं सोपं होतं ते.

शेवंताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ट्रॉलीवरून पाय खाली सोडले. "मी इचार करीन," म्हणाली, आणि सुनेचा हात धरून डुलत डुलत पलंगाकडे गेली. तिची जागा तिसऱ्याच कोणाला मिळाली.

दुपारी मी तिच्याकडे माफी मागायला गेलो. ती सामान बांधत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना सर, तुमी चांगल्यासाठीच म्हणलं असन." मला ते सर्वांत जास्त लागलं. कारण मी चांगल्यासाठी म्हटलं नव्हतं. मी लाजेपोटी म्हटलं होतं. माझं इंग्रजी उघडं पडू नये म्हणून एका बाईचं बसणं मी तिला न विचारता काढून घेणार होतो.

बाई मला हाकलतील अशी माझी खात्री होती. त्यांनी हाकललं नाही. तुकडी परत गेल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या मोपेड घेऊन कॉलेजच्या फाटकात आल्या. मागच्या सीटवर एक प्लास्टिकची खुर्ची बांधलेली. "बस," म्हणाल्या. कुठे बसू, असं मी विचारलं. "खुर्ची डोक्यावर घे अन् बस."

असा मी बाजारात पोचलो.

शेवंताबाई नेहमीच्या जागी, मासेवाल्या बायांच्या रांगेत, पोत्यावर बसलेली होती. बाईंनी तिला उठवून खुर्चीवर बसवलं, भाजीवाल्याकडून दोन क्रेट आणले, त्यावर फळी टाकली, फळीवर मासे मांडले. "पाहून घ्या बसून," म्हणाल्या. "चार घंटे. जमते की नाई ते आजच पाहा, गुडघा कापल्यावर नाई." शेजारच्या बाया खदखदा हसल्या. एक म्हणाली, "शेवंता तं तहसीलदारीण झाली वो!" गिऱ्हाइकं बिचकून पुढे जायला लागली. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "वरड."

"काय ओरडू?"

"इंग्रजी नको वरडू. मासे वरड."

मी ओरडलो. मरळ, कतला, ताजे झिंगे. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, मग फुटला. माझ्या वर्गातली चार पोरं भाजी घ्यायला आली होती, ती थांबली. त्यांतला एक अत्यंत आदरानं म्हणाला, "सर, कतला कसा देल्ला?" तिमाही परीक्षेत त्याला मी नापास केलं होतं. त्यानं अर्धा किलो घेतला आणि निवडून निवडून घेतला.

चार तासांत एक गोष्ट दिसली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना वाकायला लागत नव्हतं, ती फळीवरचे मासे खूश होऊन घेत होती. पाटी रिकामी झाली. बाईंनी विचारलं, "जमते काय?"

शेवंताबाईनं शेजारच्या बायांकडे पाहिलं. "बसणं जमते," म्हणाली. "पण ह्या बाया खाली अन् मी वर. बोलाले मजा नाई येत, बाई. वरून बोललं की त्या अर्ध्यातच थांबून राह्यल्या."

मी लगेच म्हणणार होतो की होईल सवय. बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग त्या शेवंताबाईला म्हणाल्या, "ते भेटणार नाई. मी खोटं नाई सांगत. चालणं भेटन, झोप भेटन. हे जाईन."

एवढंच. समजूत नाही, पाठीवर हात नाही. फळी उचलली, क्रेट परत केले, खुर्ची मात्र तिथंच ठेवली. ती वर्षभर शेवंताबाईकडे राहिली. कधी ती खुर्चीवर बसायची, कधी कंटाळून पोत्यावर. हे मला माहीत आहे, कारण दर बाजाराला मी लांबून पाहून यायचो. जवळ जायची लाज वाटायची आणि गेलो तर मासे ओरडावे लागतील अशी भीतीही होती.

पुढच्या हिवाळ्यात ती आपण होऊन आली. सर्जनबाईंसमोर बसली आणि माझ्याकडे न पाहता सरळ त्यांनाच सांगायला लागली. मांडी नाई. उकिडवं नाई. तलावाच्या गाळात पाय टाकाचा नाई. देवळात फरशीवर नाई, पंगतीत नाई. बोटं मोजत एकेक. शेवटी म्हणाली, "पण माहा नातू पयते अन् मी त्याच्या मागं जाऊ नाई शकत. मले जाचं आहे. करा." मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. 'पंगत' अडली तेव्हा मी अडली म्हणून सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला वॉकर धरून उभं केलं तेव्हा तिनं बाईंना, बाईंच्या माहेराला आणि स्कॉटलंडला अशा शिव्या घातल्या की वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या. सर्जनबाईंनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, हे मला समजतं, पण सांगता येत नाही. बाई मात्र खुलल्या होत्या. "शिव्या देऊन राह्यली म्हंजे श्वास चांगला आहे. अजून चार पावलं, चला." उन्हाळा सरता सरता मी तिला गावच्या रस्त्यावर पाहिलं. नातू पुढे पळत होता आणि ही मागे, हातात चप्पल घेऊन.

बाई त्यानंतर आणखी दोन शिबिरं होत्या. मग निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण वगैरे काही करायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून आम्ही व्हरांड्यात फक्त तर्रीपोहे ठेवले. पण सर्जनबाई उठून उभ्या राहिल्या आणि मला जवळ बोलावलं. त्या म्हणाल्या, मी तीस वर्षं ऑपरेशनं करते आहे. माणसाला काय मिळणार ते मी नेहमी सांगायची. काय जाणार ते आधी सांगावं, हे मी इथं, या बाईंच्या हाताखाली शिकले.

मी ते मराठीत सांगितलं. एकही शब्द न गाळता. आणि शेवटी म्हणालो, "तुमच्याशिवाय इथं करमणार नाही, बाई."

बाई पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. थांबल्या. "शेवटचं वाक्य तिचं नाई," म्हणाल्या. "ती असं नाई बोलत."

सगळा व्हरांडा माझ्याकडे पाहायला लागला. सर्जनबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? आता तेही सांगणं आलं. मी सांगितलं की शेवटचं वाक्य तुमचं नव्हतं, असं म्हणतायत. मग कोणाचं होतं? माझं, मी म्हणालो. काय होतं ते? मी इंग्रजीत सांगितलं. त्या एका वाक्याला मला बराच वेळ लागला, आणि या वेळी अडचण इंग्रजीची नव्हती.

सर्जनबाई दोनच शब्द बोलल्या.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"म्हणतात, ते वाक्य राहू द्या."

बाईंनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, यात मी पदरचं काही घातलंय का ते तपासत.

"मंग राहू दे," म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी उचलली.